नावाचा रकाना

माझ्याकडे एक शाळकरी वही आहे, दोनशे पानी,
मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेले.
तिच्यात कॅरिआकू बेटावरचे कुत्रे आहेत,
म्हणजे आमच्या बाजूचे, एकशे सत्त्याऐंशी.
मांजरांची वही वेगळी काढली होती,
ती कोरीच राहिली. मांजरं मोजून घेत नाहीत.

डॉक्टर ऑरेलिया वर्षातून दोनदा येते, ग्रेनेडाहून, फेरीने.
लशींची बर्फपेटी मांडीवर.
समुद्र उसळला की ती ओकते,
पण पेटी सोडत नाही.
ऑपरेशनचं टेबल म्हणजे एनॉसच्या शेडमधली फळी,
होडीच्या तळासाठी आणलेली. सोळा वर्षं झाली,
होडी व्हायची राहिलीय.
आम्ही तिच्यावर मेणकापड घालतो.

इथे भांडण परवडत नाही.
जो तुमच्या कुत्र्याला दगड मारतो
तोच तुमच्या आईची कबर खणायला येतो,
त्याची बहीण पोस्टात बसते,
आणि तुमचा गॅस त्याच्याच ट्रकमधून उतरतो.
म्हणून मी पत्रकं वाटत नाही.
ओट्यावर बसते, दिलेलं खाते,
गुडघ्यांची चौकशी करते,
आणि निघता निघता, चपलेत पाय घालताना, म्हणते,
साखळी जरा लांब कर ना,
सावलीपर्यंत पोचेल इतकी.

मका निघाला की जनावरं मोकळी सुटतात,
ही जुनी रीत.
मग रस्त्यात मेंढ्या, कबरींवर मेंढ्या,
धावपट्टीवर बकरा उभा, विमान वर घिरट्या घालतंय.
कुत्रेही सुटतात. रात्री टोळी होते.
घरी मुलांच्या पायाशी झोपणारेच ते,
माझ्या वहीतले.

फेब्रुवारीत एनॉसच्या सात मेंढ्या गेल्या.
मी त्याच्याबरोबर मोजायला गेले.
सातवी अजून जिवंत होती.
त्याने काही विचारलं नाही,
मी वही पाठीमागे धरली.

त्या आठवड्यात मी वहीत अकरा रेघा मारल्या.
पावात घालून टाकलं होतं कोणीतरी,
ओढ्याच्या कडेने, ओळीने.

रविवारी चर्चमध्ये तो माझ्या पुढच्या बाकावर.
शेजाऱ्याला शांती द्यायची वेळ आली,
तो वळला, हात पुढे केला.
मी धरला.
बोटांना साबणाचा उग्र वास होता.

बुधवारी रात्री दारावर थाप पडली, हाताची नाही, पायाची.
त्याच्या हातांत त्याची कुत्री, ताठ, थरथरणारी.
"हिने कुठेतरी काहीतरी खाल्लंय," म्हणाला.
कुठेतरी.
मीही काही विचारलं नाही.
कोळशाची पूड, पाणी, सुईशिवायची सिरिंज,
पाण्याच्या टाकीवर चढून डॉक्टरला फोन,
रेंज तिथेच येते.
"डोकं खाली, दिवा बंद, बोलू नका," ती म्हणाली.
बोलणार कोण होतं?
तो भिंतीला टेकून बसला, मी दाराला.
मधे ती, एकेक झटका
दोघांच्याही अंगातून जाणारा.

पहाटे ती पाणी प्यायली,
माझ्या चटईवर ओकली,
पुन्हा प्यायली.

मी वही काढली. मालक, वय, रंग,
हे सगळं होतं आधीचं.
नावाचा रकाना तेवढा रिकामा.
दरवेळी तो म्हणायचा, कुत्रीला कसलं नाव, कुत्री लिही.
या खेपेला त्याने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं.
"उद्या सांगतो," म्हणाला.
मी तसंच लिहिलं.

पाव कोणी टाकला ते वहीत नाही.
तसा रकाना नाही, आणि आखणारही नाही मी.
पण पुढच्या हंगामात एनॉस
कुंपणाची तार घेऊन घरोघर फिरला,
रात्री कुत्रे आत ठेवा म्हणाला, एवढंच,
आणि लोकांनी ऐकलं.
माझं सहा वर्षांत ऐकलं नव्हतं.
याचा मला राग आला, खोटं कशाला बोलू.

जूनमध्ये डॉक्टर आली, फेरीतून उतरली, अजून हिरवीपिवळी.
वही उघडून मोठ्याने वाचू लागली
आणि एका ओळीवर अडली.
"हे 'उद्या सांगतो' कोणाचं?"
सगळी रांग हसली.
एनॉसने टोपी काढली.
"माझी," म्हणाला,
आणि तिला उचलून फळीवर ठेवलं.