पाटकऱ्याची पाळी

(बलन्सियाच्या दक्षिणेला; शहर पडल्यानंतरचं तिसरं वर्ष)

मोजणीच्या दिवशी दोरी धरायला मलाच बोलावलं.
तू इथला, म्हणाले, तुला बांध ठाऊक.
एक टोक माझ्या मुठीत, दुसरं राजाच्या कारकुनाच्या,
आणि मधे ताणलेली
माझ्या सोयऱ्यांची जमीन.

दोरी सरळ जाते. पाट नाही जात.
पाट उताराचं मन राखत जातो,
इब्न सहनूनच्या डाळिंबांना मुद्दाम वळसा घालतो,
कारण त्याच्या पणज्यानं हौद बांधताना बैल दिले होते.
वहीत याला रकाना नव्हता.
कारकुनानं लिहिलं: तीन नांगरांची जमीन, बेरेंगेरला.

बेरेंगेर डोंगराकडचा. माणूस वाईट नाही.
पहिल्या दिवशी वांग्याला हात लावेना,
म्हणाला, मार लागल्यावर कातडीचा होतो तो रंग.
खंड द्यायचा गव्हात आणि दारूत,
म्हणून वाफे मोडले, गहू पेरला, वेल लावले.
पालक गेला. गाजरं गेली.
कडेची जोंधळ्याची ओळ गेली,
जिच्यात पाखरं आणि पोरं लपायची.

पूर्वी उन्हाळाभर मला झोप नसायची.
घंगाळात भोक पाडलेली तांब्याची वाटी,
ती बुडाली की एकाचं दार बंद, दुसऱ्याचं उघड,
आणि मध्यरात्री दोघी बांधावर उभ्या:
तुझी वांगी ढेकर देतात गं, माझी माना टाकून बसलीत!
आता अन्सराच्या सणाआधी गहू कापून होतो.
मग पाणी नुसतंच जातं, खाली, लव्हाळ्यात, बेडकांकडे.
मी घोरतो.
तिथेही आता चर खणायला घेतलेत म्हणे.

तुती कुणी तोडल्या नाहीत, हे सांगायला हवं.
पाला खुडणारे हात तेवढे गेले.
उम्म रझीन गेली ग्रानाडाकडे
किड्यांची अंडी फडक्यात, फडकं छातीशी,
ऊब लागावी म्हणून.
तुतीला काय त्याचं? फोफावल्या.
सावली गव्हावर पडायला लागली.
मग तोडल्या.

हिवाळ्यात वरून मेंढरं उतरतात, मोजता येत नाहीत इतकी.
टेकडीवर रानओवा होता, आता दगड दिसतात,
स्वच्छ, धुतल्यासारखे.
माझ्या मधमाश्या कुठे जातात विचारू नका.

मागच्या महिन्यात कारकून परत आला.
पाण्याच्या पाळ्या सांग, जुन्या होत्या तशाच.
मी सांगत गेलो, तो त्याच्या लिपीत उतरवत गेला,
शेवटी वाचून दाखवलं
अडखळत, उलट्यासुलट्या उच्चारांत:
डाळिंबांची पाळी, दीड वाटी.
थोरल्या तुतीची, एक.
विधवेच्या अंजिराची, पाऊण.

तिथे आता यातलं एकही झाड नाही.

काल तिन्हीसांजेला बेरेंगेर पाटावर आला,
चिखलात पाय, खांद्यावर फावडं,
आमच्या भाषेतले त्याला येणारे चार शब्द गोळा करून म्हणाला:
डाळिंबं आली का माझी?
आली, मी म्हटलं,
आणि दगडी दार वर ओढलं.
गव्हात पाणी शिरलं.