धुगधुगी

बासिलियाचा झाडू मीच मोडला.
कबूल.
त्याच्या दांड्यावर आडव्या बसवल्या
सुताराच्या पोलादी टेपच्या कापलेल्या पट्ट्या,
तेहेतीस सेंटिमीटर, एकतीस, तीस;
पिवळ्यावरचे काळे आकडे अजून दिसतात.
"आभाळ मापतोस?" तिनं विचारलं.
म्हटलं, नाही गं. ऐकतो.

ल्याल्याग्वात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान.
आता रेडिओ कुणी आणत नाही,
मोबाइलच्या फुटक्या काचा आणतात.
पण चौदाव्या वर्षी मी
खाणकामगारांचा ट्रान्समीटर पोत्यात घालून
बटाट्यांखाली दडवला होता, सैनिक आले त्या रात्री.
कान तेव्हाचेच आहेत.

गुरुवार. ऑगस्ट. पहाटेचे पाच चाळीस.
नळ गोठलेला, शेजारचं कुत्रं पेटलेलं.
झाडू क्षितिजापासून हळूहळू वर नेत होतो,
दंड भरून आला,
आणि खरखरीतून
कुणीतरी नखानं पत्रा वाजवला.
पुन्हा.
मग सूर घसरत गेला,
खनिजाचा ट्रक हॉर्न दाबून
उताराला लागावा तसा.

कुठल्याशा थंड देशात
पोरापोरींनी कॉलेजात जुळवलेला तो,
वजनाला पावाच्या लादीपेक्षा थोडा जास्त.
अकरा आठवडे बोलला, मग गप्प.
त्यांनी यादीत त्याच्यापुढे फुली मारली.
पोरं मोठी झाली, नोकऱ्यांना लागली.

बॅटरी मेलीय त्याची.
ऊन पडलं की उठतो,
सावलीत शिरला की विझतो,
आणि उठतो तेव्हा घड्याळ शून्यावर.
दर खेपेला तेच कळवतो:
पहिला दिवस. तापमान उणे चार. सगळं ठीक.

मी पत्र लिहिलं. सोबत रेकॉर्डिंग,
त्यात कुत्रं आहे,
आणि झाडूवरून बासिलियानं काढलेलं माझं सगळं खानदान.
एका बाईचं उत्तर आलं: आम्ही तर त्याला सोडूनच दिलं होतं.
मुलीला मांडीवर घेऊन चारदा ऐकलं म्हणे.
मुलगी विचारते, ती बाई का रागावली?

थोरला भाऊ कासियानो मागच्या खोलीत असतो.
एकतीस वर्षांची खाण छातीत घेऊन.
दुपारी ऊन खाटेपर्यंत येतं
तेवढ्यात चार वाक्यं बोलतो.
काल त्याच्या कानांवर हेडफोन चढवले,
तो काय म्हणतो ते समजावून सांगितलं.
डोळे मिटून ऐकत राहिला.
श्वास जमवायला त्याला वेळ लागतो.

"रोज पहिला दिवस?"
हो.
"सगळं ठीक?"
तसंच म्हणतो तो.

"लबाड आहे," कासियानो हसला,
आणि खोकला,
बराच वेळ.
मग हातानंच खूण केली:
आवाज वाढव.

पुढची खेप सात बाराला.
बासिलियानं नवा झाडू आणलाय.
कुठं ठेवलाय, सांगत नाही.