इतर, असल्यास लिहा

अंबाजोगाई. दवाखान्याची मागची इमारत.
पंखा फिरला की फॉर्म उडतात, म्हणून त्यांच्यावर
प्लास्टरचा एक जुना साचा ठेवलाय,
कुणाच्या तरी लहान मनगटाचा.

माझं काम रकाने भरायचं.
वय: चौदाच्या आत.
दुखापतीचं कारण: पडणे, वाहन, भाजणे, जनावर,
आणि तळाशी, कागद संपत आला म्हणून अर्ध्याच ओळीचं
इतर, असल्यास लिहा.

लिहिते.
कडबाकुट्टी. कडबाकुट्टी. उजवा हात. कडबाकुट्टी.
ज्येष्ठात, हिरवं उगवायच्या आधी, सगळे गोठे कडब्यावर.
पेंढी आत सारायला लेकराचा हात बरा,
बारीक असतो.

तुटलेलं बोट कशातून आणलं, हा प्रश्न अकरावा.
हळदीच्या फडक्यात. दुधाच्या पिशवीत.
आजोबाच्या चंचीत, सुपारीच्या कप्प्यात.
एकदा गारीगारवाल्याच्या बर्फात,
पांढरंफटक, गोठून मेलेलं.
त्या माणसानं पैसे घेतले नव्हते.
बर्फ बोटाला थेट लागू द्यायचा नसतो
हे पुस्तकात आहे. ते पुस्तक
धारूरचा घाट उतरून कधी गेलंच नाही.

तौर मॅडम एकशेदहा फॉर्म चाळून म्हणाल्या,
"अगं, 'इतर'च सगळ्यांत मोठं झालंय.
मग चुकलं कोण, लेकरं की कागद?"
नवे फॉर्म छापून आले.
कडबाकुट्टीला स्वतःचा चौकोन मिळाला.
त्या दिवशी चहात मी दोनदा साखर घातली.

सहा महिन्यांनी फोन करायचा असतो.
नंबर बंद. नंबर किराणा दुकानाचा. नंबर
कर्नाटकात, फडावर, पाचटात कुठंतरी.
तीनदा लागला नाही की लिहायचं: संपर्क तुटला.
आमच्या कागदावर हे क्रियापद दोन ठिकाणी येतं.

चौथ्यांदा लावला. नियमात बसत नाही.
पायल केंद्रे, वय सात, नोंद एक्केचाळीस, उजवी तर्जनी.
शर्टाचं बटण लावता येतं का?
"माझ्या फ्रॉकला चेन हाय."
पेन्सिल धरता येते?
"डाव्यानं. बाई म्हणत्यात, अक्षर पहिल्यापेक्षा बरं हाय."
दुखतं?
"न्हाई." मग जरा थांबून,
"थंडीत खाजतंय. जे न्हाई ते बोट.
खाजवावं कुठं?"

याला रकाना नाही. मी तिलाच विचारलं,
मग तू काय करतेस?
"भावाचं खाजवते. त्याचं तसलंच हाय."

शेवटचा प्रश्न आईला: यंत्राला झाकण बसवलं का?
पलीकडे कोयते, कुणीतरी बैलाला दटावत होतं.
"गोडेतेलाचा डबा चिरून ठोकलाय मालकानं.
तुमचा फोन येईल म्हणून न्हाई हो, ताई.
त्याच रात्री."

'हो'वर खूण केली.
आणि समासात, जिथं काही लिहू नये
अशी ठळक सूचना आहे, तिथं बारीक अक्षरात:
गोडेतेलाचा डबा. भावाचं बोट.