रकाना सातवा

फॉर्मात सात रकाने आहेत.
नाव. गाव. गट नंबर. अंदाजे काळ.
मापं. मालकी.
आणि सातवा : सद्यःस्थिती, दोन शब्दांत.

रामशेज मागं पडला की एसटी निम्मी रिकामी होते
आणि थंडी येऊन त्या सीटांवर बसते.
फाट्यावर उतरलो तर बागाबागांतून धूर.
रात्री पारा खाली गेला होता,
द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून पहाटेपासून
पालापाचोळा, गोणपाट, हाताला येईल ते पेटवून
लोक घडांना शेक देत बसलेले.
मलाही कुणी हाक मारून शेकायला बोलावलं.
कशासाठी आलो ते नंतर विचारलं.

आधी शाळेमागची बारव.
पायऱ्या एक्केचाळीस. पैकी सात पाण्याखाली,
त्या मी मोजल्या नाहीत, चौथीतल्या पोरानं सांगितल्या.
तो मागच्या मे महिन्यात त्यांच्यावर बसून आंबा खाऊन आलाय.
चुना नाही, दगडावर दगड.
देवळीत देव नाही, मोटारीचा स्टार्टर आहे,
त्याला दसऱ्याचं वाळकं झेंडूचं फूल
आणि हळदीचं एक बोट.
काळाच्या रकान्यात ‘यादव’ लिहिलं,
पुढचं प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलं.

मग गोठ्याच्या तोंडाशी, कमरेइतका जमिनीत गेलेला
तो दगड.
टेपचं दुसरं टोक धरायला पुंजा बेंडकोळी आले,
“काय मोजू ऱ्हायले, भाऊ?”
“वीरगळ.”
“कोन वीर? कुढं गळला?”
मी हसलो. मग लक्षात आलं,
मलाही ते माहीत नाही.

वर चंद्र, सूर्य.
त्याखाली पिंडीपुढं हात जोडून बसलेला एक जण.
त्याखाली तोच, दोन बायांनी काखेत धरून वर नेलेला,
पाय लोंबते, एका पायात वाळा.
त्याखाली माती.

शेणाचे हात पदराला न लावता, लांब धरून
ठकूबाई गांगोडे बाहेर आल्या.
गाय व्याली की पहिला चीक याला, म्हणाल्या,
मग वासराला, मग घरात.
“का बरं?”
“राखतो ना तो.”
“नाव काय त्याचं?”
“राखनाऱ्याला नाव कोन इचारतं?
हाक मारली का येतो.”
“हाक कशी मारता?”

त्यांनी ते शेणाचे हात तोंडाशी धरले
आणि डोंगराकडं तोंड करून
एक आवाज काढला.
शब्द नव्हता तो.
‘ओ’पासून सुरू होऊन कुठल्याच अक्षरावर न टेकलेला,
माझ्याकडच्या कुठल्याच रकान्यात न मावणारा.
गोठ्यातली तांबडी गाय रवंथ थांबवून बघायला लागली.
बांधावरचा गोऱ्हा वळला.
बारवेजवळचं ते चौथीतलं पोर वळलं.
मीही वळलो,
आणि मला शहरात जन्मून बेचाळीस वर्षं झाली आहेत.

ऑफिसात शब्द ठरवून दिलेले आहेत :
सुस्थितीत. भग्न. दुर्लक्षित. नामशेष.
यांपैकी एक निवडा.
मी दगडाला हात लावला.
बोटाला चिकट लागलं, वासाला गोडसर,
रात्रीच व्याली होती तांबडी.
सातव्यात लिहिलं : चिकानं ओला.
साहेब खोडतील. खोडू देत,
पेन्सिलीनं लिहिलंय, दाबून.

उंचीचा आकडा मात्र राहिला.
पुंजाबा म्हणाले, निम्मा आत हाये, उकरू का?
ठकूबाई नको म्हणाल्या.
“खाली त्याच्या गायी हायेत.
सासूनं पाह्यल्या व्हत्या, तव्हा जमीन खाली व्हती.
अकरा का बारा.
बसू द्या.”