बटणवालं

चकची चावी हातातून निसटली
ती नेमकी ह्याच्यावर.
पाऊण किलो पोलाद.
आवाज असा काही झाला नाही,
पापड मोडावा तसा, तोही सादळलेला.

गंमत बघा,
मेलं तरी पान गेलं नाही.
वरच्या अर्ध्यात अक्षरं जशीच्या तशी,
‘तिनं कडी काढली आणि’
तिथून खाली नुसत्या रेघा,
राखाडी, उभ्या,
बोथट टूलनं फेस मारल्यागत.
बॅटरी उतरली, आठवडा गेला,
बाई तशीच कडीला हात लावून उभी.

दस्तगीर शिकलगार म्हणाला, आता रं?
म्हटलं, आता काय, बोंबला.
जेवणाच्या सुट्टीत मी वाचायचो, तो ऐकायचा.
वेल्डिंगनं त्याचे डोळे गेलेत बारीक अक्षरातून
आणि भाकरी मोडताना त्याला
कुणीतरी बोलत असलेलं लागतं.
उद्यमनगरच्या त्या पत्र्याखाली दोन वर्षांत आम्ही
एक समुद्र, तीन खून
आणि एका हेडमास्तरचं अख्खं आयुष्य संपवलं.

सुट्टीदिवशी राजारामपुरीत गेलो.
खिशात व्हर्निअर होता, सवयीनं.
दुकानातला पोरगा, शार्दूल, चुणचुणीत,
एकेक काढून काचेवर मांडत गेला
सराफ मणी मांडतो तसा.
हा बघा काका, रंगीत.
म्हटलं, मजकुराला रंग कशाला?
ह्याच्यावर पेनानं लिहिता येतं.
लिहायचं ते जॉबकार्डावर लिहितोयच की तीस वर्षं.
हा पाण्यात पडला तरी चालतो.
पाण्याचं ऱ्हाऊ दे बाळ, कूलंटचं काय?
तो हसला.
मी व्हर्निअर काढला तेव्हा हसायचा थांबला.
रुंदी एकशे सत्तावीस. एप्रनचा खिसा एकशे वीस.
सात मिलिमीटर!
आमच्याकडं एवढ्यात जॉब सरळ भंगारात जातो.

पण अडलं ते वेगळ्याच ठिकाणी.
सगळ्यांना नुसती काच. बोट फिरवायचं.
माझं बोट काचेला कळेना.
ठसे कधीच झिजलेत,
रेशनच्या मशीननं दोनदा परत धाडलंय,
आधारवाला म्हणाला, लिंबू चोळून या.
दुकानात उभा राहून मी ढकलत होतो
आणि पान जागचं हलत नव्हतं
आणि मागं रांगेत एक बाई मोबाईलला कव्हर मागत होती.

मग मागच्या कप्प्यातून निघालं एक.
कुणी तरी मोठं नेऊन हे परत दिलेलं,
कोपऱ्यावर पोचा, उजव्या कडेला दोन बटणं.
दाबलं. टक्.
परत दाबलं. टक्.
जुनं मॉडेल आहे काका, पोरगा म्हणाला,
ह्याला आता कुणी विचारत नाही.
मी ऐकत नव्हतो.
मी बघत होतो, हा आवाज
ग्राइंडरच्या पलीकडं बसलेल्या माणसाला जाईल का.
रुंदी मोजलीच नाही.
नाही बसलं तर खिसा उसवू.

दुसऱ्या दिवशी दस्तगीरनं हात जरा जास्तच धुतले.
मी पान काढलं, दोनशे बारा,
अंगठा बटणावर.
थांब, म्हणाला.
ह्या तीन आठवड्यांत त्यानं त्या बाईला
केव्हाच आत नेलं होतं.
आत तिचा भाऊ होता, मस्कतहून आलेला,
न कळवता. स्टोव्ह पेटवून बसलेला.
आधी माझं ऐक, मग तुझं दाब.
स्टोव्हची वात कशी काजळलेली इथपासून
त्यानं सुरुवात केली.
बहीणभावाचं बोलणं काही संपेना,
माझी भाकरी वाळून कड उचलायला लागली,
आणि भोंगा झाला तेव्हा
ती दोघं अजून चहाच्या कपबश्याच शोधत होती.

उद्या, म्हणाला, आणि मास्क खाली ओढला.

जुनं खिडकीत ठेवलंय, फायलींच्या डब्याजवळ.
त्याच्यावर बिडाची बारीक धूळ बसते,
मी फुंकर मारतो.