समासातली टिंबं

एकतीस पेट्या. सोमवारी सगळ्या.
चर्चच्या दफनभूमीच्या कुंपणापासून सुरुवात,
मग लिंडक्विस्टच्या कुरणाच्या कडेकडेनं.
दार उघडण्याआधी दोन टिचक्या.
आत कुणी असेल तर उठायला वेळ द्यावा,
मर्ल म्हणायचा,
आपण काही वसुलीला आलेलो नाही.

मर्ल ओडेगार्डला फेब्रुवारीत झटका आला.
त्याच्या मुलीनं वही आणून दिली, एक स्क्रू-ड्रायव्हर,
रॅकून चढू नये म्हणून खांबांना फासायचं ग्रीस,
आणि म्हणाली, नाही जमलं तर राहू दे, आर्डिस.
मी तीस वर्षं शाळेची बस चालवली.
दारापाशी थांबणं, डोकी मोजणं, दार लावून घेणं,
म्हटलं, एवढं जमेल.

एप्रिलमध्ये बर्फ दोनदा परत आला,
विसरलेले हातमोजे न्यायला आल्यासारखा.
तिसऱ्या पेटीत तरीही गवत,
वाटीसारखं गोल वळवलेलं,
आणि तारेवर नर, पोटाशी विटकरी,
पाठीवर इतका निळा
की त्या मातकट शेतात कुणाची तरी चूक झाली असावी.

वहीत मर्लचं अक्षर:
गवत. अंडी ५. पिल्लं ४. उडाली ४.
तेराव्या दिवसानंतर उघडू नये, अर्ध्या पंखांनी उड्या टाकतात.
विशेषण कुठेच नाही.
फक्त समासात मधूनमधून पेन्सिलीचं एखादं टिंब.
विचार करताना टोक टेकलं असेल,
असं मला वाटलं.

मेमध्ये चौदा नंबरात पाच अंडी,
नीळ जरा जास्त पडलेल्या चादरीच्या रंगाची.
पुढच्या सोमवारी टिचक्या मारल्या, कुणी उठलं नाही.
मादी अंड्यांवर तशीच बसलेली,
डोक्यावरची कातडी टोचून टोचून काढलेली,
आणि तिच्याच अंगावर रचायला घेतलेलं नवं घर:
वाळकं गवत, कोंबडीचं पीस,
सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद.
छपरावर चिमणा.
काळा गळपट्टा, बाकी साधा, तपकिरी, ओळखीचा.
माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत
ज्याला मी वर्षानुवर्षं पावाचा चुरा घालत आले.
जहाजातून आणले होते म्हणे यांना,
माझ्या पणजीसारखेच.

तिला काढलं. सापळा लावला.
पाऊण तासात सापडला.
मुठीत, अंगठ्याखाली, त्याचं काळीज
इतकं भरभर की मोजता येईना,
आणि मला तर मोजायची सवय.
पुढचं मी केलं.

पिकअपमध्ये बसून वही उघडली.
पेटी १४. मादी मेली. अंडी ५, गार.
राहिलेल्या गोष्टीला रकाना नव्हता.
पेन्सिल आपोआप समासाशी गेली, टेकली,
आणि तिथेच थांबली.
मग मागची पानं चाळली. एकोणीस वर्षं.
एकशे बारा टिंबं.
हा तोच मर्ल,
रस्त्यात कासव आलं तर ते पलीकडे जाईपर्यंत
ट्रॅक्टर बंद करून बसून राहणारा.

मंगळवारी त्याला वाचून दाखवते.
झटक्यानंतर त्याच्याकडे एकच शब्द उरलाय.
तीन नंबर, पाचही उडाली. बरं.
नऊ नंबर, मुंग्या, घरटं बदललं. बरं.
चौदा मी गाळला.
चांगल्या हातानं त्यानं वही ओढून घेतली,
समासावरून बोट खाली खाली आणलं
आणि माझ्या टिंबापाशी ठेवलं.
बरं म्हणाला नाही.
नर्स जेली घेऊन आली, ठेवून गेली.
खिडकीबाहेर दाण्यांच्या भांड्यावर सात-आठ चिमण्या
जेवत होत्या, भांडत होत्या.
आम्ही दोघं बघत राहिलो.

जुलैत चौदामध्ये पुन्हा काहीतरी.
चार काड्या, आडव्यातिडव्या.
कुणाच्या, ते इतक्यात कळत नाही.
तारीख घातली आहे.
सोमवारी जाईन, आधी टिचक्या मारीन.