मधोमध गवत

मर्टल ब्लँचर्डच्या अक्षरातलं कार्ड
हँडलला लावलंय, कपड्यांच्या चिमट्याने.
तेहतीस मैल. शिसपेन्सिल.
लिहिलंय : पेट्रोल पंपापाशी श्वास रोखून डावीकडे वळा,
मग सोडा.
लिहिलंय : दोन रस्ते सारखेच वाटले,
तर ज्याच्या मधोमध गवत असेल तो आपला.

मी सोडला श्वास.
मोठा रस्ता मागे बोलत राहिला थोडा वेळ,
दार लोटल्यावरही शेजारच्या खोलीतलं भांडण ऐकू यावं तसा.
मग दोन्हीकडची झुडपं उंच झाली
आणि विषय संपला.

ऑक्टोबर. लिंकनशरच्या टेकड्या
नांगरून खडूसारख्या पांढुरक्या.
दोन चाकोऱ्या, मधे ओलं गवत.
मी डावीतून. उजवीतून कुणी नाही.
एक फेझंट कितीतरी वेळ पुढे पुढे पळत राहिला,
आपल्याला पंख आहेत हे
ऐन वेळी आठवलं त्याला.

एका फाटकाशी टेबल, टेबलावर अंडी,
बरणीत नाणी, बरणीखाली चिठ्ठी :
सहाची दीड पाउंड. कोंबड्या सुट्टे देत नाहीत.
सायकलवर अंडी कुठे ठेवणार मी?
तरी एक नाणं टाकलं,
कितीतरी वेळात काही वाजलं नव्हतं म्हणून.

कार्ड म्हणतं : आता चढ. नकाशावर बाण एकच आहे,
पायांना दोन लागतील.
उतरायला लाजू नका. मी दरवेळी उतरते,
कुंपणातली निळी फळं तोडायचं निमित्त करून.
मीही उतरले. एक चावून पाहिलं.
जीभ अंग चोरून बसली
भिजलेल्या मांजरासारखी.

आणि माथ्यावर,
जिथे कार्डावर ‘समुद्र, हवा स्वच्छ असेल तर’ एवढंच आहे
(नव्हती),
तिथे मागचं चाक बसलं.

कुंपणं नुकतीच छाटलेली. रस्ताभर काटे.
पुढे ट्रॅक्टर थांबला, एक म्हातारा उतरला,
चाकाकडे पाहून म्हणाला, हे माझंच काम.
बादली आणली त्याने. ट्यूब बुडवली.
विहिरीत पडलेलं काही शोधावं तसे
दोघं वाकून बसलो,
बुडबुड्यांची वाट पाहत.
आले. अगदी बारीक, एकामागून एक.

काटा काढताना त्याची नजर कार्डावर गेली.
आमची मर्टल, म्हणाला.
तीस वर्षं टपाल वाटलं बहिणीनं
याच रस्त्यांवर, याच चढांवर,
मग क्लबासाठी ही कार्डं लिहिली.
फेब्रुवारीत गेली.

सगळे शांत रस्ते लिहून ठेवलेत त्यांनी, मी म्हटलं.
त्याने ट्यूब बाहीला पुसली.
एक सोडून.

सोल्युशन सुकायला पाच मिनिटं लागतात.
तेवढ्यात सांगितलं त्याने :
तिथे बघण्यासारखं काही नाही. चर्च नाही, चहा नाही.
टोकाला घर होतं, आता तेही नाही.
पत्र नसलं तरी वाट वाकडी करून जायची.
विचारलं असतं तर सांगितलं असतं तिने.
म्हणूनच नाही विचारलं.

मग पंप. एकोणऐंशी, ऐंशी, एक्क्याऐंशी.
मोजायला काहीतरी मिळालं दोघांनाही.

उताराच्या पहिल्या वळणावर डावीकडे ती असावी.
झुडपं वर एकमेकांत गेलेली,
गवत मधोमध नाही, सगळीकडेच.
ब्रेकवर बोटं होती माझी.
कार्ड उजवीकडे म्हणत होतं.
वळले उजवीकडे.

संध्याकाळी क्लबाच्या खोलीत
कार्ड परत खोक्यात ठेवण्याआधी
खाली एक ओळ लिहिली, पेन्सिलीनेच, तिच्यापेक्षा लहान अक्षरात :
छाटणीच्या दिवसांत काटे.
माथ्यावर रोलंडकडे बादली आहे.